मोराच्या कड्या, नग चार

अंकाच्या संपादकांचं पोस्टकार्ड येऊन आता चार महिने झाले. "निर्वासितांच्या खात्यातले तुमचे अनुभव लिहा. दिवाळी आहे, तेव्हा शक्यतो गमतीदार." मी हल्ली सावकाश लिहितो. सकाळी चार ओळी लिहायच्या, दुपारी त्यांतल्या दोन खोडायच्या. पूर्वी खोडायचं काम विमल, माझी बायको, करायची. गेल्या मार्गशीर्षात ती गेली, तेव्हापासून दोन्ही कामं माझ्याकडेच आहेत.

गमतीदार म्हणाल तर आमचं ऑफिस तसं होतंच. संस्थान विलीन झाल्यावर इंदुरात एक जुना तबेला रिकामा पडला होता, त्यात ते थाटलं होतं. घोडे गेले, निर्वासितांचे अर्ज आले आणि अर्जांच्या मागून आम्ही कारकून. माझ्या टेबलामागच्या भिंतीत घोडा बांधायचं लोखंडी कडं तसंच होतं. त्याला मी छत्री अडकवत असे.

माझा हुद्दा चौकशी कारकून. म्हणजे काय, तर जो माणूस घरदार सोडून आला आहे त्याच्याकडे जाऊन "तुम्ही खरोखर घरदार सोडून आलात का?" असं विचारायचं आणि तो सांगेल ते चार पानी फॉर्मात उतरवायचं. त्याचं सुटलेलं घर पाहायला सिंधमध्ये जाणं शक्य नव्हतं, त्यामुळे सगळी चौकशी इकडच्या इकडेच. फॉर्मात रकाने अठरा. नाव, बापाचं नाव, मूळ गाव, तिथलं घर पक्कं की कच्चं, त्याचा पुरावा, असे. सातवा रकाना होता: 'येताना सोबत आणलेले सामान'. हा रकाना कशासाठी, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं. वरिष्ठ म्हणाले, "छापून आलाय ना? मग भरायचा."

मी तो फार मन लावून भरत असे. शहराबाहेर पलटणीच्या रिकाम्या बराकी होत्या, त्यांत ही कुटुंबं राहत. एका लांबलचक खोलीत सहा-सात बिऱ्हाडं, मध्ये साड्यांचे पडदे. मी पडद्याबाहेर स्टुलावर बसायचो आणि विचारायचो, काय काय आणलंत? माझा समज होता की घाईत माणूस मौल्यवान वस्तू उचलतो. तसं नसतं. घाईत माणूस हाताला लागेल ते उचलतो आणि का उचललं याचं उत्तर पुढे जन्मभर शोधत राहतो. एका गृहस्थाने पितळेचा नळ आणला होता. घरात नळ येऊन आठ दिवसच झाले होते, तो परक्याला कसा सोडायचा? बराकीत पाणी टँकरचं. त्याने नळ खाटेच्या पायाला दोरीने बांधून ठेवला होता आणि रोज तो कोरड्या फडक्याने पुसायचा. एका शिंप्याने अर्धवट शिवलेला कोट आणला होता, तोही गिऱ्हाइकाचा, आणि गिऱ्हाईक तिकडचाच फौजदार. "बाहें लगानी बाकी हैं, बाबू," तो म्हणाला. मी बघितलं, तर बाह्या लावून झाल्या होत्या. काजं करायची राहिली होती. ती तो मुद्दाम करत नसावा. चाव्या तर सगळ्यांकडेच होत्या. पहिल्या पन्नास फॉर्मांनंतर मी चाव्या लिहिणं सोडून दिलं.

शहराला निर्वासितांबद्दल दोन मतं होती, आणि ती दोन्ही एकाच माणसाची असत. एक, हे लोक पोटाला सोनं बांधून आले आहेत. दोन, हे भिकारी लोक गावाची कळा घालवणार. आमच्या गल्लीत कुणी सिंधी फेरीवाला कापड घेऊन आला की बायका पहिलं मत बोलत भाव पाडायच्या आणि दुसरं मत बोलत चार वार जास्त घ्यायच्या.

माझे वडील, नाना, या दोन्ही मतांचे अग्रणी होते. नाना संस्थानच्या दफ्तरात मोडी लिहिणारे कारकून. राज्य गेलं, पेन्शन राहिली, आणि दिवसभर बोलायला विषय मिळाला. "शिस्तीचं शहर होतं हे," ते म्हणत. "आता ज्याला जागा मिळेल तो येतोय."

"आपणही आलोच की, नाना," मी एकदा म्हणालो. "दख्खनेतून."

"आपण आलो नव्हतो. आपल्याला बोलावलं होतं."

बोलावल्याचा पुरावा आमच्याकडे नव्हता. आल्याचा होता. आमच्या मूळपुरुषाने माळव्यात येताना सोबत आणलेल्या सामानाची मोडी याद नाना देवाच्या डब्यात ठेवत आणि दसऱ्याला शस्त्रांच्या जागी तिची पूजा करत. लहानपणी मी ती पाठ केली होती: तट्टू एक, लंगडे. तवा एक. वाकळा दोन. पखाल एक, फुटकी. देव पाच, सुपाऱ्या धरून. नाना सांगायचे, "बघ, फुटकी आहे तर फुटकी लिहिलीय. लंगडं आहे तर लंगडं. याद अशी असावी. ज्याची याद पूर्ण, तो माणूस खानदानी." हे माझ्या हाडीमासी इतकं भिनलं होतं, की सातव्या रकान्यात जागा पुरली नाही तर मी पुरवणी जोडायचो.

ही सवय एका बाईला फार महागात पडायची होती.

तिचं नाव हेमीबाई. शिकारपूरजवळच्या एका कसब्यातल्या, साठीच्या. नवरा वाटेत गेला, मुलगा इकडे आल्यावर तापाने गेला. उरली सून, सुंदरी. दोघी बराकीत पापड लाटून विकत. त्या वेळी सरकार निर्वासितांसाठी पक्की घरं बांधत होतं आणि दोघींनी त्यांतल्या एका खोलीसाठी अर्ज केला होता. बराकी रिकाम्या करायच्या होत्या, सरकारी गाड्यांचं गॅरेज तिथे व्हायचं होतं. खोली मिळाली तर छप्पर, नाही तर रस्ता, इतका साधा हिशेब होता.

"अम्मा, साथ में क्या क्या लाए थे?" मी विचारलं.

"जो हाथ आया, बाबू."

परात निघाली, पोथी निघाली, मुलाचा एक फोटो. मग सुंदरीने खाटेखालून एक पोतं ओढलं. त्याचा आवाज असा झाला की शेजारच्या पडद्यातून दोन डोकी बाहेर आली. आत झोपाळ्याच्या पितळी कड्या होत्या. नग चार. दर वीतभर अंतरावर एकेक मोर, प्रत्येकाची मान वेगळ्या बाजूला वळलेली. मी असं काम पाहिलं नव्हतं.

"और फली?" मी आपल्या फळीचं हिंदी केलं.

"फली तो कहीं भी मिल जाती है," हेमीबाई म्हणाल्या. मग माझ्या हातातल्या टाकाकडे बघून त्यांनी विचारलं, "यह भी लिखना ज़रूरी है?"

"ज़रूरी तो है, अम्मा. और जितना लिखेंगे उतना अच्छा."

हे माझे शब्द. मी पुरवणी जोडली. मोर मोजून लिहिले.

मग राज्य बदललं. मध्य भारत जाऊन मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली आणि इंदूर रुसून बसलं. आमच्या ऑफिसात क्रांती झाली ती अशी, की रबरी शिक्क्यातला 'भारत' ब्लेडने कापून काढला आणि नवा शिक्का येईपर्यंत 'मध्य'च्या पुढे आम्ही हाताने 'प्रदेश' लिहू लागलो. आणि जबलपूरकडून दुबेसाहेब बदलून आले.

बदलीच्या साहेबाचं सामान सरकार वाहून आणतं. हुद्दा जितका मोठा तितकं सामान जास्त. त्याची यादी लागते, आणि अक्षर चांगलं म्हणून ती मलाच लिहायला सांगितली. तीन ट्रक आले होते. पलंग पाच, लोखंडी कपाटं, लोणच्याच्या बरण्या एकवीस, तुळशीचं कुंड एक, म्हैस एक, दुभती, पारडासह. साहेब अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मला म्हणाले, "घर छूट गया, भाई. तुम इंदौरवाले क्या जानो उजड़ना क्या होता है."

ती यादी एका दिवसात मंजूर झाली. एकवीस बरण्या कशाला, असं कुणी विचारलं नाही.

साहेब कामाला मात्र तडफदार होते. अर्ज जास्त होते आणि घरं कमी. यावर दोन उपाय होते, घरं वाढवणं किंवा निर्वासित कमी करणं. पहिला भोपाळच्या हातात होता, दुसरा आमच्या. साहेबांनी सगळे फॉर्म मागवले आणि दहा वर्षांत ज्याचा उपयोग कुणाला कळला नव्हता तो सातवा रकाना त्यांच्या कामी आला.

"देखिए, सिद्धांत सीधा है," त्यांनी आम्हाला समजावलं. "जो सचमुच भागा, वह खाली हाथ आया. जिसे सामान बाँधने की फ़ुरसत थी, वह भागा नहीं. उसने मकान बदला."

"पण साहेब, पुरावा म्हणून कागदपत्रं आणली असतील तर?" मी विचारलं. आम्ही सहाव्या रकान्यात कागद मागत होतो.

"काग़ज़ लाया तो फ़ुरसत थी."

"आणि नसतील आणली तर?"

"तो सबूत नहीं है."

नळवाला यात वाचला. नळावरून तिकडचं घर पक्कं होतं हे सिद्ध होतं, असं साहेबांनी मान्य केलं. शिंप्याच्या फॉर्मावर त्यांनी "पराया माल?" असा शेरा मारून तो बाजूला ठेवला. मग हेमीबाईंचा फॉर्म उघडला, माझी पुरवणी वाचली आणि हसले.

"भागनेवाला आदमी झूला उतारता है? स्टूल लगाकर? मोर गिनकर?"

"मोर मी मोजले, साहेब."

"काटिए नाम."

नाव मी स्वतःच्या हाताने कापलं. महिनाअखेर बराक सोडायची नोटीसही माझ्याच अक्षरात निघाली.

ती द्यायला मीच गेलो. हेमीबाईंना वाचता येत नव्हतं, सुंदरीने वाचली. ती माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "बाबूजी, आपने कहा था, जितना लिखो उतना अच्छा."

मी स्टुलावर बसलो. एवढ्या दिवसांत जे विचारायला हवं होतं ते तेव्हा विचारलं. "अम्मा, झूला क्यों उतारा?"

हेमीबाई पापड लाटत होत्या. लाटणं थांबलं नाही.

"सुंदरी का ससुर बैठ गया उस पर. बाहर टाँगा खड़ा, लोग चिल्ला रहे, जल्दी करो. वो बोला, तुम लोग जाओ. मैं अपने घर में बैठा हूँ, कोई मेहमान थोड़ी हूँ जो उठ जाऊँ. हाथ जोड़े, नहीं उठा. बेटे ने खींचा, नहीं उठा. तो मैंने स्टूल लिया और एक कड़ी निकाल दी."

"फिर?"

"झूला टेढ़ा हो गया. वो टेढ़ा बैठा रहा." इथे त्या हसल्या. सुंदरीही हसली. "दूसरी निकाली, तीसरी निकाली. तब उठा. चौथी भी उतार ली. अब कड़ियाँ हाथ में थीं, कहाँ रखती? ले आई. गाड़ी में बार-बार पूछता था, कड़ियाँ रखी हैं ना? वहाँ जाके टाँगना, तब बैठूँगा. मारवाड़ के आगे गुज़र गया."

मी ऑफिसात येऊन हे सगळं लिहून काढलं. दीड पान झालं. माझ्या नोकरीतलं ते सगळ्यात चांगलं दीड पान. साहेबांनी ते उभ्याउभ्या वाचलं, चष्मा काढला. मला वाटलं, झालं काम.

"बढ़िया," ते म्हणाले. "आपमें तो लेखक है. इसे किसी दिवाली-विवाली के अंक में भेज दीजिए. मगर कॉलम में सामान पूछा है, कारण नहीं पूछा."

साहेबांचा तो हुकूम मी आज, पस्तीस वर्षांनी, अमलात आणतो आहे.

संध्याकाळी विमलला सांगितलं. आमचं लग्न होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. ती भाजी निवडत ऐकत होती. म्हणाली, "तुमच्या ऑफिसात खरं चालत नाही. चूक चालते का?"

"म्हणजे?"

"म्हणजे कारकुनाकडून चुकून लिहिलं गेलं, असं म्हटलं तर?"

हे मला सुचलं नव्हतं, कारण माझ्या यादीत चूक असते ही कल्पनाच मला सुचण्यासारखी नव्हती. रात्रभर मी मूळपुरुषाच्या फुटक्या पखालीचा विचार केला. सकाळी अर्ज लिहिला: सदर नोंद दुसऱ्या बिऱ्हाडाची असून ती निम्नस्वाक्षरीकर्त्याकडून अनवधानाने या फॉर्मात पडली. आयुष्यात लिहिलेलं पहिलं खोटं, आणि अक्षर इतकं सुंदर आलं होतं की लाज वाटली.

साहेबांचा चेहरा उजळला. "ग़लती है? तो पहले बताना था. ग़लती तो सुधर सकती है. सच का हम क्या करते?" त्यांनी माझ्या सेवापुस्तकात "नोंदी करताना बेसावध" असा शेरा मारला आणि सांगितलं की परवा ते स्वतः बराकीत येऊन खाटेखाली बघतील.

म्हणजे एका दिवसात कड्या हलवायला हव्या होत्या.

मी म्हणत होतो, अंधार पडल्यावर न्याव्यात. विमल म्हणाली, "अंधारात एवढा खणखणाट केलात तर पोलीस येतील. दिवसाच न्यायच्या." भर दुपारी ती टांगा घेऊन गेली, पोत्यावर झेंडूची माळ टाकली आणि शेजारी बसून आली. टांगेवाला मला दारात म्हणाला, "भिया, इसमें भरा क्या है? पूरे रस्ते बारात जैसी बज री थी. भाभीजी बोलीं भगवान का सामान है, तो अपन ने घोड़ी को चाबुक नी लगाया." पोतं उतरवायच्या आधी त्याने त्याला हात लावून तो कपाळाला लावला.

खरा प्रश्न नानांचा होता.

"सिंधणीचं सामान माझ्या घरात?" ते ओसरीत उभे राहून म्हणाले. "उद्या तिचं घर इथे येईल, परवा तिचं गाव."

"चार दिवस, नाना," विमल म्हणाली. "बघा तरी."

तिने पोतं उघडलं. नाना खाली बसले. एक कडी हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि मोराची मान अंगठ्याने चाचपली. दुसरी घेतली.

"पोत्यात ठेवून हिरवं पडेल हे," ते शेवटी म्हणाले. "आणि कुणी बघितलं तर पोत्यातली वस्तू चोरीची वाटते. टांगलेली वस्तू घरची वाटते."

रामबागेतलं आमचं घर तीन खोल्यांचं, पण बैठकीत सागवानी तुळई होती आणि आधीच्या भाडेकऱ्याने ठोकलेले चार हूक होते. संध्याकाळपर्यंत नानांनी वखारीतून फळी आणवली, आणि दिवेलागणीला ते झोपाळ्यावर बसून, पायाने हलकेच रेटा देत, निर्वासितांनी शहर कसं बिघडवलं हे शेजारच्यांना सांगत होते.

ठरल्याप्रमाणे साहेब बराकीत गेले. खाटेखाली वाकून बघितलं. तिथे पापडांची परात होती. हेमीबाईंनी त्यांना एक भाजून दिला. तो खात ते मला म्हणाले, "देखिए. खाली हाथ आई, और मेहनत कर रही है. यह होता है असली शरणार्थी." खोली मंजूर झाली.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती केव्हाच लिहिली असती.

दोन आठवड्यांनी साहेब आमच्या घरी आले. बराकींच्या जमिनीचे जुने कागद मोडीत होते आणि नव्या राज्याच्या ऑफिसात मोडी वाचणारं कुणी नव्हतं, म्हणून नानांना गाठायला ते स्वतः आले. दार मी उघडलं. साहेब आत आले, इकडेतिकडे बघितलं आणि सरळ झोपाळ्यावर बसले. कड्या वाजल्या. विमल पाण्याचा तांब्या घेऊन येत होती, ती दारातच थांबली.

"वाह," साहेब म्हणाले. मोराला हात लावला. "यह तो पुरानी चीज़ है."

मी तोंड उघडलं, पण आवाज नानांचा आला.

"पुश्तैनी," नाना शांतपणे म्हणाले. "हमारे पुरखे दक्खन से आए, तब साथ लाए थे."

"क्या बात है!" साहेबांनी पाय उचलून घेतले आणि एक झोका घेतला. "सही है, पंडितजी. आदमी घर छोड़ता है तो घर की एक निशानी तो साथ लाएगा ही. इसी से ख़ानदान पहचाना जाता है."

विमलने पाणी दिलं आणि आत गेली. स्वयंपाकघरातून फडक्यात तोंड दाबून हसण्याचा आवाज येत होता. साहेबांना वाटलं ती खोकते आहे. जाताना ते म्हणाले, बहू को अदरक दीजिए.

त्यानंतर नाना ही दख्खनची हकीकत प्रत्येक पाहुण्याला सांगू लागले. आधी सावधपणे, मग सवयीने. दोन-तीन वर्षांत त्यात मूळपुरुषाचं लंगडं तट्टू आलं, ज्याच्या पाठीवर म्हणे कड्या लादल्या होत्या. लंगड्या तट्टावर पितळेच्या चार कड्या, हे कुणाला खटकलं नाही. मला वाटतं, पुढे पुढे त्यांनाही ते खरं वाटत असावं.

कड्या चार दिवसांत परत द्यायच्या होत्या. पण नव्या खोलीला पत्र्याचं छप्पर निघालं. पत्र्याला झोपाळा टांगता येत नाही. हेमीबाई म्हणाल्या, "रहने दो, पक्की छत होगी तब ले जाऊँगी." महिन्यातून एकदा त्या पापड घेऊन येत. नाना झोपाळ्यावर असत. "बैठो, बाई," म्हणत आणि समोरच्या पाटाकडे बोट करत. त्या पाटावर बसत, चहा घेत, वर बघत. एकदा म्हणाल्या, "कड़ी रो रही है, तेल दो." आणि स्वतः स्टुलावर चढून चारही हुकांत तेल सोडलं. नाना तेवढ्या वेळापुरतेही उठले नाहीत.

हेमीबाई पत्र्याखालीच गेल्या. पाठोपाठ दोन वर्षांनी नाना. त्यांच्या दिवसांनंतर मी देवाचा डबा आवरला आणि मूळपुरुषाची याद उघडली. 'देव पाच' या ओळीखाली नानांच्या हातचं, ताज्या शाईचं मोडी होतं: 'कड्या पितळी चार, मोरांच्या. हेमीबाई सिंधी यांच्या. त्यांस पोचवणे.'

माझ्या घरात तोंडाने खोटं बोलणारा माणूस कागदावर खरं लिहीत होता. माझं उलट होतं.

तेव्हा तरी मी कड्या पोचवायला हव्या होत्या. विमल म्हणालीही होती. मी म्हणालो, पावसाळा होऊ दे. मग म्हणालो, श्रीकांतची, आमच्या मुलाची, परीक्षा होऊ दे. काही वर्षांनी सुंदरीने पापडाच्या धंद्यावर पक्कं घर बांधलं, वास्तूला आम्हाला बोलावलं. मी बैठकीत बसलो, सरबत घेतलं आणि सहज वर पाहिलं. नव्या कोऱ्या स्लॅबमध्ये चार लोखंडी हूक होते. चौकोनात, झोपाळ्याच्या मापाचे. मी नजर खाली घेतली. सरबत फार छान झालंय, एवढं म्हणालो आणि घरी येऊन कड्यांवर झोके घेतले.

तिकडे शिकारपूरजवळ हेमीबाईंच्या घरात कुणीतरी राहत असेलच. त्याच्याबद्दल आम्ही इंदूरकर काय काय बोलायचो! इकडे तिच्या झोपाळ्यावर मी पस्तीस वर्षं बसलो. शेवटची दोन वर्षं विमल आजारी होती, तिला पलंगापेक्षा तिथे बरं वाटायचं. मग कसं काढणार होतो? आणि ती गेल्यावर तर मी तिथून उठलोच नाही म्हणा. जेवण तिथे, वाचन तिथे, हे लिहिणंही तिथेच.

आता रामबागेतलं घर पाडायचं ठरलं आहे. श्रीकांत सुदामा नगरला राहतो, मला न्यायला आला. "बाबा, सामान कम घ्या हं. दोन बॅगा बस. उधर जगह नाहीये."

"हो."

"और ये झूला मी भंगारवाल्याला सांगून ठेवलाय, पीतल आहे, चांगलं जाईल. तुम्ही उठा ना जरा."

मी उठलो नाही. तो दोनदा म्हणाला, मग खाली बसून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "बाबा, काय झालं?" मला टेढ्या झोपाळ्यावर बसलेला तो न पाहिलेला म्हातारा दिसत होता. श्रीकांतला मी ही गोष्ट कधी सांगितली नव्हती. नानांची दख्खनची तेवढी त्याला पाठ होती. मी त्याला सगळं सांगितलं. ऐकून तो स्टूल घेऊन आला. तेव्हा मी आपणहून उठलो.

चारही कड्या पोत्यात घालून आम्ही ऑटोने सुंदरीकडे गेलो. ती आता साठीची आहे, हेमीबाई तेव्हा होत्या तेवढी. बैठकीतले हूक जागच्या जागी होते, दोन हुकांना कपडे वाळवायची दोरी बांधली होती. पोत्याचा आवाज होताच ती आतून आली. वाकून कड्या बाहेर काढल्या, एकेक मोर बोटाने पुसला.

"सुंदरीबहन," मी म्हणालो, "बहुत देर हो गई. माँगा क्यों नहीं कभी?"

"अम्मा मना करके गई थीं," ती म्हणाली. "बोलीं, उनके यहाँ बुज़ुर्ग बैठा है उस पर. अभी मत माँगना. उठाने में बहुत दुखता है."

मी स्टुलावर टेकलो. श्रीकांत वर बघून हुकांचं अंतर मापत होता. तिने दोरी सोडायला घेतली, मग थांबून पोत्यात पुन्हा डोकावली.

"फली नहीं लाए?"

"नाही," मी म्हणालो. घाईत लक्षातच आलं नव्हतं.

"चलो, कोई बात नहीं," सुंदरी म्हणाली. "फली तो कहीं भी मिल जाती है."